नावांची वही

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत जाफर जिल्दसाजाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली. तिच्यात हातानं फिरवायचं एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं आणि बसायला पाट. तालुक्यातल्या शाळांची हजेरीपत्रकं, ग्रामपंचायतींची दप्तरं, भजनी मंडळांच्या चिंध्या झालेल्या पोथ्या आणि मशिदीतले कुराणाचे जुने पारे, सगळे याच खोलीत येतात आणि शिवून, चिकटवून, कडा कापून नवे होऊन परत जातात. जाफरचे अब्बा हेच करायचे. त्यांनी पोराला वारसा म्हणून मशीन दिलं आणि एक नियम दिला: काम हातात असताना पुस्तकाचं पान उलटायचं नाही. जिल्दसाज वाचायला लागला की काम बसलं.

नियम नुसता सांगितला नव्हता, कानाखाली वाजवून दिला होता. लहानपणी एकदा जाफर शिवता शिवता गोष्टीत गुंतला, इकडे पातेल्यात खळ सुकून दगड झाली आणि अब्बांनी अशी चपराक दिली की संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. तेव्हापासून जाफरनं नियम पाळला. वाचायचं ते जिल्द बांधून झाल्यावर, हात धुऊन, पाटावरून उठून. बाकी वाचायचा मात्र तो अधाशासारखा. सातवी नापास माणूस, पण गिऱ्हाइकाचं पुस्तक परत करायला मुद्दाम दोन दिवस उशीर लावायचा, कारण वाचून व्हायचं असायचं. लोक समजायचे, जाफरभाईच्या हातात काम फार.

या दुकानात एका शनिवारी पत्रूजी मोहुर्ले गुरुजी सायकलला पिशवी अडकवून आले. ते पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर. त्यांना दोन वेडं होती. एक, जुनी पुस्तकं जमवायची. दुसरं, रोवणीला बाया धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलाच्या खाचरात, वाकून भाताची रोपं लावताना जे गाणं म्हणतात ते बांधावर उभं राहून लिहून घ्यायचं. गावातले लोक म्हणत, आपण मोहफुलं वेचतो, मास्तर गाणी वेचतो. हसायचे, पण पाऊस आला की छत्री त्यांच्याच डोक्यावर धरायचे. विद्यापीठाचं तोंड गुरुजींनी पाहिलं नव्हतं. तरी बोलीवर, म्हणींवर, दंडारीच्या लोकनाट्यावर त्यांनी सहा लहान पुस्तकं लिहिली, पदरमोड करून चंद्रपूरच्या एका छापखान्यातून काढली. पातळ, दोन पिना मारलेली.

जाफरनं त्यातलं पहिलं वाचलं आणि तो माणूस गुरुजींचा झाला. दर दुसऱ्या शनिवारी गुरुजी यायचे. चहा यायचा, एखादं पिवळं पडलेलं पुस्तक पिशवीतून निघायचं, दोघं ते आळीपाळीनं हुंगायचे आणि दोघांच्याही बायका घरी वाट बघायच्या. एकाला मिळालेलं पुस्तक दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपायचं. संग्रह करणाऱ्यांची मैत्री अशीच असते, त्यात थोडी चोरी मिसळलेली.

मग जाफरनं गुरुजींनाच जमवायला सुरुवात केली. त्यांनी लिहिलेलं आणि त्यांच्यावर कुणीही लिहिलेलं, सगळं. सहा पुस्तकं तर होतीच. त्याशिवाय दिवाळी अंकातले लेख, संमेलनांच्या स्मरणिका, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आलेली चार ओळींची बातमी, एका चिडक्या प्राध्यापकानं त्यांच्यावर केलेली टीकासुद्धा. टीकेला तर जाफरनं सगळ्यांत मजबूत जिल्द घातली. गुरुजींना याची लाज वाटायची. म्हणायचे, “अरे जाफर, मेलेल्या माणसाचं जमवत असतेत. मी जित्ता आहो.”

गुरुजींची पहिली नोकरी सिरोंच्याला झाली होती. तिथल्या शाळेच्या एका जुन्या वार्षिकात त्यांचा पहिला लेख आहे असं कळलं, तेव्हा जाफर एसटीनं दिवसभर हाडं खिळखिळी करत सिरोंच्याला गेला. वार्षिक ज्याच्याकडे होतं तो म्हातारा तेलुगू बोलणारा. विकत द्यायला तयार नाही. शेवटी ठरलं की जाफरनं त्याच्या घरची तेलुगू पोथी बांधून द्यायची. जाफर दोन दिवस त्याच्या ओसरीत बसला. लिपी येत नाही, पानं सुटी झालेली. एक अख्खा जुजबा, म्हणजे पानांचा जुडगा, उलटा शिवून ठेवला होता, त्याच्या म्हातारीनं वेळेवर पाहिलं म्हणून अब्रू वाचली. पण वार्षिक घेऊनच तो परतला आणि दुकानातल्या कपाटात गुरुजींच्या बाकीच्या संग्रहाशेजारी त्यानं ते ठेवलं. जरीना, म्हणजे जाफरची बायको, त्या कपाटाला आपली सवत म्हणायची. वर म्हणायची, सवत हाडामांसाची असती तर निदान भांडी तरी घासली असती.

गुरुजींच्या सहा पुस्तकांत जाफरचं सगळ्यांत आवडतं होतं ते ‘बांधीतली गाणी’. त्यात रोवणीची बहात्तर गाणी. प्रस्तावनेच्या शेवटी गुरुजींनी लिहिलं होतं की पानं कमी पडल्यामुळे गाणी सांगणाऱ्या बायांची नावं या खेपेस छापता आली नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत देईन. ही एक ओळ गुरुजींना जन्मभर टोचली. छापखान्यानं सांगितलं आणि आपण मान डोलावली, याचा त्यांना स्वतःचाच राग होता. एकदा भरल्या डोळ्यांनी म्हणाले होते, “बायाईनं मले गाणं देलं अन् म्या त्याईचं नाव गिळलं.”

निवृत्त झाल्यावर ते पुन्हा त्या गावांना जाऊ लागले. कोणतं गाणं कोणी सांगितलं होतं, तिचा बाप कोण, माहेर कुठलं, तिला ते कोणी शिकवलं, हे सगळं पक्कं करून लिहायचं होतं. जाफर विचारायचा, झाली का नावं. गुरुजी म्हणायचे, होऊन राह्यली. जाफरनं मनाशी धरलं की कुठंतरी एक वही आहे. मास्तर माणूस, तो वहीतच लिहिणार. ही वही दाखवा असं मात्र तो कधी म्हणाला नाही. काम पूर्ण झालं की गुरुजी स्वतःच बांधायला आणतील, असं त्याला वाटायचं.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. दोन वर्षांमागं, हिवाळ्यात, गुरुजींना अर्धांगाचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मुलगा निकेश नागपूरला नोकरीत. भला पोरगा. घर रिकामं करायच्या आधी त्यानं जाफरला फोन केला, काका, तुम्हाला हवं ते घेऊन जा, बाकीचं मला कळत नाही. जाफरनं दोन पोती भरली. भरताना रडत होता आणि रडताना शोधत होता. ट्रंकेत, कॅलेंडरच्या मागं, देवळीत, तांदळाच्या कोठीतसुद्धा हात घातला. नावांची वही काही मिळाली नाही.

आता संग्रहात सगळं होतं, तेवढं एक नव्हतं. जाफरच्या जिवाला घोर लागला. तो पोंभुर्ण्याला गेला, गुरुजींच्या जुन्या शाळेत गेला, आजूबाजूच्या गावांत निरोप ठेवून आला की गुरुजींची वही कोणाकडं राहिली असेल तर मूलला जाफर जिल्दसाजाकडं आणून द्या. त्याच्या लेखी ती आता संग्रहातली वस्तू राहिली नव्हती. गुरुजींचं अडलेलं वचन होतं ते, आणि पूर्ण करायला त्याच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

याच सुमारास वर्षश्राद्ध आलं. शाळेनं लहानसा कार्यक्रम ठरवला. जाफरला वाटलं, त्या दिवशी गुरुजींची सहाही पुस्तकं एका जिल्दीत बांधून फोटोपुढं ठेवावी. आणि बांधायच्या त्या आपल्या कपाटातल्या प्रती नाहीत, खुद्द गुरुजींच्या. पोत्यात त्या एका फडक्यात बांधलेल्या होत्या. निकेशनं सांगितलं होतं की हा बस्ता बाबांच्या उशाशी असायचा.

जाफरनं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम करायला घेतलं. पिना काढल्या. सहा पुस्तकं एकावर एक रचली, आरीनं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं आडवी शिलाई घातली. असल्या शिलाईला पुस्तक उघडावं लागत नाही. सहाही पुस्तकांतलं अक्षर न् अक्षर त्याला पाठ होतं, आणि हातात काम असताना पान उलटायचं नाही हा नियम तर हाडात मुरलेला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तेही होतंच. पाच पुस्तकं एका मापाची होती, ‘बांधीतली गाणी’ तेवढं बाकीच्यांपेक्षा दीड बोट रुंद. बाहेर आलेलं ते दीड बोट वाईट दिसत होतं. जाफरनं गठ्ठा मशीनमध्ये धरला, चाक आवळलं आणि तिन्ही बाजू कापल्या. कडा आरशासारख्या झाल्या. मग मरून कापड, आणि चंद्रपुराहून आणलेल्या वर्खानं वर गुरुजींचं नाव. कात्रणं नेहमीसारखी पोत्यात पडली आणि शुक्रवारी नेहमीसारखा कपबश्यावाला येऊन पोतं घेऊन गेला. कपबश्या फुटू नयेत म्हणून त्यांच्यात भरायला ती त्याला लागतात.

कार्यक्रमात सगळ्यांनी पुस्तक हातात घेतलं, वर्खावर बोट फिरवलं, वा म्हटलं. उघडून कुणीच पाहिलं नाही. शाळेच्या कपाटाला वाळवी होती, म्हणून ग्रंथ जाफरकडेच राहिला. त्यानं तो कपाटात वरच्या खणात ठेवला. गुरुजींच्या उशाची प्रत उघडायचा त्याला धीर होत नव्हता. दुःख जरा निवू दे, मग वाचू, असं म्हणता म्हणता तीन महिने गेले.

मोहफुलांचे दिवस होते. दुपारी दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. साठीची असेल, पायांवर जंगलाची धूळ, हातात कापडी पिशवी. नाव नीलाबाई मडावी, पोंभुर्ण्याच्या पलीकडं जंगलातल्या गावची. तिच्या कानावर आलं होतं की मास्तरच्या वहीचा तपास करणारा माणूस मूलला आहे. जाफरला वाटलं, वही आली. तो पाटावरून उठला, तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडं वळवला.

नीलाबाईनं पाणी पिऊन सांगितलं की तिच्याकडं वही नाही. तिची आई बिरजाबाई मास्तरला गाणं सांगत असे. आईला जाऊन पाच वर्षं झाली. ती मरायच्या आधी मास्तर पुन्हा आले होते, आईच्या खाटेजवळ बसून त्यांनी तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, माहेर, सगळं विचारून लिहून घेतलं होतं. आई नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मी मास्तरच्या पुस्तकात आहे. ते नाव बघायला लेक आली होती.

जाफर हळहळत म्हणाला की बाई, त्या वहीचाच तर शोध चालला आहे, ती मिळाली असती तर आत्ता दाखवली असती.

“वही कुठची भाऊ?” नीलाबाई म्हणाली. “वही नोयती त्याच्यापाशी. मास्तर पुस्तकातच लिहे. गाण्याच्या बाजूले, कडेले, पेन्सिलनं.”

जाफरनं कपाट उघडलं, वरच्या खणातून मरून ग्रंथ काढला आणि हात न धुताच पान उलटलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. लोक ही म्हण हसत हसत वापरतात. जाफरचं तोंड ज्यानं त्या दुपारी पाहिलं असतं त्यानं ती पुन्हा कधी वापरली नसती. बहात्तर गाण्यांची बहात्तर पानं होती, आणि प्रत्येक पानाच्या अगदी कडेला, जिथं पातं फिरलं होतं तिथं, पेन्सिलीची शेपटं उरली होती. कुठं एक काना. कुठं अर्धी वेलांटी. छापलेल्या अक्षरांना धक्का लागू नये म्हणून गुरुजी शाळेतल्या सवयीनं पार काठाला लिहीत गेले होते. ज्या वहीसाठी जाफरनं तालुका पालथा घातला, ती त्याच्याच हातानं कापली गेली होती आणि तिच्या चिंध्या कपबश्यांच्या खोक्यांतून कुठल्या कुठल्या बाजारात पोचल्या होत्या.

“सापडलं का?” नीलाबाईनं विचारलं. “माझी माय कुठी आहे?”

एकतिसावं गाणं होतं तिच्या आईचं. तिनं पहिली ओळ म्हणून दाखवली तेव्हा जाफरनं ते पान काढलं. कडेला ‘बि’ एवढं एकच अक्षर उरलं होतं. नीलाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जाफरच्या मनात आलं, कोणत्याही ओळीवर बोट ठेवून म्हणावं, हे बघ तुझ्या आईचं नाव. बाई समाधानानं घरी जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही. त्यानं तिचं बोट धरलं आणि त्या ‘बि’वर टेकवलं.

नीलाबाईनं बोट हलवून पाहिलं. मातीच्या भिंतीवरून फिरवावं तसं जपून फिरवलं. मग म्हणाली, “एवढूसंच? मायनं तं लय सांगतलं होतं. मास्तर दुपारभर लिहून राह्यले होते.”

आता जाफरला खोटं पुढं नेता येईना. तो तिच्यासमोर खाली बसला. “नीलाबाई, बाकीचं म्या कापलं,” तो म्हणाला. “माह्याच हातानं. पुस्तक कापून टाकलं म्या.”

“काऊन?”

“चांगलं दिसावं म्हणून.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर जाफरनं मान खाली घालून ऐकल्या असत्या. पण ती नुसती त्या गुळगुळीत कडेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “घरी तिचा फोटो नाई भाऊ. म्हटलं, एकडाव बोट लावून येतो.”

जाफर रडला. बासष्ट वर्षांचा, दाढी पांढरी झालेला माणूस भर दुपारी दुकानाच्या उंबऱ्यात रडला आणि जरीना दुकानामागच्या घरातून बाहेर आली. तिनं काय झालं ते ऐकून घेतलं आणि नीलाबाईसाठी जेवण वाढून आणलं. नीलाबाईनं थोडं खाल्लं. मग तिनंच जाफरला सांगितलं की लिही. आईचं पूर्ण नाव, बिरजाबाई आत्राम. तिचा बाप, तिचं माहेर, आणि गाणं तिला तिच्या आत्यानं शिकवलं होतं हेही. पानाला कडाच उरली नव्हती, त्यामुळं जाफरनं ते वेगळ्या चिठ्ठीवर शाईनं लिहिलं आणि गाण्यासमोर खळीनं चिकटवलं. नीलाबाईनं पुन्हा बोट फिरवलं, या वेळी चिठ्ठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाफरनं ग्रंथ घेऊन जा म्हटलं. आजवर त्या कपाटातलं एक पान त्यानं कुणाला दिलं नव्हतं. तिनं मान हलवली. घरी पावसाळ्यात छप्पर गळतं, म्हणाली, राहू द्या इथी. बाकीच्या गाण्यांतलं कोणतं कोणाचं, हे तिला ठाऊक नव्हतं. चारच्या बसनं ती गेली.

जाफरनं कपबश्यावाल्याला गाठलं. तो म्हणाला, भाई, तीन महिन्यांमागचं कात्रण मी आता कुठून आणू, आणि त्याचंही बरोबर होतं. मग जाफरनं उरलेल्या एकाहत्तर गाण्यांसमोर एकाहत्तर कोऱ्या चिठ्ठ्या लावल्या. दुकानाबाहेर पाटी रंगवून घेतली की ज्यांच्या आईनं मोहुर्ले गुरुजींना गाणं सांगितलं असेल त्यांनी नाव सांगून जावं. पाटी लावून आठ दिवस झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ज्यांच्यासाठी ती लावली त्यांतल्या बहुतेकींना ती वाचताच येणार नाही. त्यानं ती उतरवली.

आता तो आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवतो. पोंभुर्ण्याला जातो, भाजी विकणाऱ्या, चारोळी-डिंक विकणाऱ्या बायांच्या रांगेत ग्रंथ मांडीवर घेऊन बसतो आणि एकेक गाणं मोठ्यानं वाचतो. टोपी घातलेला दाढीवाला बाबा रोवणीचं गाणं म्हणतो म्हणून बाया आधी पदरात तोंड लपवून हसतात. मग त्यांच्यातली एखादी पुढची ओळ उचलते, दुसरी साथ देते, बघता बघता अख्खी रांग गायला लागते. सगळ्यांना सगळी गाणी येतात. गाणं संपलं की जाफर पेनचं टोपण काढतो आणि विचारतो, हे गुरुजींना कोणी सांगितलं होतं. बाया एकमेकींकडं पाहतात. माय म्हणे, मोठी माय म्हणे, पण मास्तरले कोणं सांगतलं ते आमाले काय मालूम भाऊ. जाफर पुढचं पान उलटतो. बाजार उठेपर्यंत पेन तसंच उघडं असतं. बहात्तर बायांपैकी आजवर एकीचीच लेक आली आहे.